कोपऱ्यातली पकड

कापसाने भरलेल्या ट्रकवर कबड्डी खेळलाय कधी कोणी? आम्ही खेळलोय, तेही वर्गणीसाठी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या स्पर्धेला जायचं होतं आणि आमच्या मंडळाकडे एकसारखे बनियनही नव्हते. म्हणून पावतीपुस्तक घेऊन धरणगावजवळच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे, नानांकडे गेलो. दारात ट्रक उभा, कापूस भरणं चाललेलं.

"पहिले खेळ दखाडा," नाना म्हणाले. "जमीनवर कोणीबी खेळस. कापूसवर पाय रोवस तो खरा गडी. चढा बठ्ठा!"

सगळे चढलो. वर सात-सात जण मावेनात, म्हणून चार-चार खेळलो. पाय गुडघ्यापर्यंत रुतायचे. नाना मात्र खालून ओरडत होते, "कोपरामा पकडा! कोपरामा!" मला नवल वाटायचं, यांना कोपऱ्यातलीच पकड का आवडते? बरं, एक डाव संपला की त्यांचा सालदार वर आणखी टोपल्या ओतायचा. ते का, तेही कळेना.

तासाभराने घामाघूम होऊन उतरलो. नानांनी एक्कावन्न रुपये काढले, मी पावती फाडली. तेवढ्यात घरातून नानांच्या पत्नी, अक्का, चहा घेऊन आल्या आणि ट्रककडे बघतच राहिल्या.

"कापूस भलता दाबाई गया हो! ह्या मजूर कोठून आणात?"

नाना पावतीची घडी करत म्हणाले, "मजूर नही, खेळाडू शेतस. मजूर नुसता पैसा लेतस. ह्या पावती बी देतस."