दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त

काका, मॅडमच्या घरची मंडळी, डॉक्टर, सिस्टर आणि लॅबमधले माझे सहकारी,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. आज बोलणं जड जातंय. पण काकांनी मला एक प्रश्न विचारलाय, आणि त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

आपल्या हॉस्पिटलात आयसीयूपासून खाली लॅबपर्यंत पाइप बसवला, तेव्हा सगळे खूश होते. रक्ताची नळी डब्यात ठेवायची, बटण दाबायचं, हवेच्या जोरावर डबा खाली. आमच्या लॅबच्या प्रमुख शैलामॅडम खूश नव्हत्या. डबा आपटतो, नळी हादरते, तांबड्या पेशी फुटतात. पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं, आणि रिपोर्टमध्ये ते पेशंटचं म्हणून दिसतं. म्हणून नळीभोवती स्पंज लावल्याशिवाय डबा पाठवायचा नाही, हा मॅडमचा नियम. कुणी तशीच नळी पाठवली की त्या वॉर्डाला फोन करायच्या. "पेशंटच्या अंगात रक्त आहे का कोकम सरबत?" हा फोन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतलाय.

मग मॅडम स्वतःच पेशंट म्हणून आयसीयूत आल्या. त्या दिवशी घाई होती. स्पंज राहिला. मशीनमध्ये नळी फिरवली, तर वरचं पाणी पिवळसर हवं ते गुलाबी, म्हणजे पेशी फुटलेल्या. पोटॅशियम एवढं जास्त दिसत होतं, की ते उतरवायची औषधं लगेच सुरू झाली असती. मी रिपोर्ट सोडला नाही. वर फोन केला.

सुमनसिस्टर म्हणाल्या, "अगं, मॅडमचं हाय ते. दोन्ही हात काळेनिळे झालेत. शीर घावंना की."

मी म्हटलं, "परत लागेल."

मी वर गेले. मॅडमचे यजमान, आपले काका, दारात होते. म्हणाले, "अजून किती टोचणार आहात तिला?" मॅडमनी आतून ऐकलं होतं.

"पाइपनं आलं?"

"हो."

"स्पंज?"

"नव्हता."

त्यांनी हात पुढे केला. शीर सापडेपर्यंत तीनदा टोचावं लागलं. मग म्हणाल्या, "हातानं ने. आणि पळू नकोस, हलतं."

मी जिन्यानं चालत खाली आले. खरं पोटॅशियम कमीच निघालं. ती औषधं दिली असती तर ते आणखी उतरलं असतं. त्यानं हृदय बंद पडू शकतं.

दोन दिवसांनी मॅडम गेल्याच. परवा मी जुळे सोलापूरला मॅडमच्या घरी आले, तेव्हा काका म्हणाले, "मग तिला परत टोचून काय उपयोग झाला, सांग."

काका, त्या वाचल्या नाहीत. त्यांना दुखलं ते दुखलंच, ते मला परत घेता येत नाही. पण त्या त्यांच्या आजारानं गेल्या. आमच्या चुकीच्या आकड्यानं गेल्या नाहीत. एवढं मी खात्रीनं सांगू शकते. तुम्हाला द्यायला माझ्याकडे याहून जास्त काही नाही. ते पुरेसं नाही, हे मला कळतं.

आता सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या.

काका, तुम्ही बसूनच राहा.