साफ ताट

नांदुऱ्याच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी वृद्धाश्रमाची सिस्टर बिलकिस दोन रिपोर्ट घेऊन बसली होती. तिच्या एका बाजूला उत्तमराव, दुसऱ्या बाजूला गोजरबाई.

"आबा, रक्त पातळ करायची गोळी दोघाईले मी सोताच्या हातानं देते. मंग तुमचं रक्त यवढं पातळ काऊन झालं? खरचटलं तरी थांबणार नाही."

"मले काय माहीत, पोरी?"

"अन् मावशी, तुमचं घट्ट! गुठळी झाली म्हंजे?"

"मी तं काहीच नाही केलं, बाई."

"हिरव्या भाजीनं गोळीचा जोर कमी होते, म्हणून दोघाईले मेथी सारखी मोजून वाढते मी. आबा, खाता ना?"

"माह्यं ताट साफ असते."

"हाव, पण साफ करते कोण?"

"तिले लय आवडते मेथी."

"अन् मावशी, तुम्ही खाता?"

"यायनं इतक्या मायेनं वाढल्यावर नाही कसं म्हणू?"

"डॉक्टर गोळ्या बदलून राह्यले होते तुमच्या! आजपासून दोघं दूरदूर बसा."

"त्यापेक्षा एकाच ताटात वाढ, बाई," गोजरबाई म्हणाल्या. "अर्धी अर्धी खाऊ, तुह्या डोळ्यासमोर."

"एका ताटात कोण जेवते, माहीत हाये ना, मावशी?"

"मले माहीत हाये. यायले विचार."