कोल्डचा दुसरा भागीदार

जबाब, दि. २१/०३/२०२५

माझे नाव नाथाजी रामचंद्र फडतरे, वय ७४ वर्षे, धंदा : निवृत्त माध्यमिक शिक्षक, रा. कवठे महांकाळ, जि. सांगली, मूळ रा. वडूजजवळ, ता. खटाव, जि. सातारा.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी एकटा राहतो. पत्नी अंबूबाई सन २०१९ मध्ये वारली. मूलबाळ नाही. पेन्शनवर चालते. येथील हायस्कुलात सन १९७५ ते २००९ अशी चौतीस वर्षे मी मराठी शिकवले.

याखेरीज मी ‘रानजाई कोल्ड स्टोअरेज एलएलपी’ (मर्यादित दायित्व भागीदारी) या फर्मचा नियुक्त भागीदार आहे. तेथे बेदाणा ठेवला जातो आणि बायका तो निवडतात. दि. १८/०३/२०२५ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास तेथे थंडाव्याच्या यंत्रातील अमोनिया गॅसची गळती होऊन हरणाबाई धनाजी कोळेकर, वय ४६, ही मयत झाली. आणखी दोघी मिरजेला दवाखान्यात आहेत. त्याबाबत मला विचारण्यात येत आहे.

हवालदार कृष्णात खोत यांनी संगणकावर माझ्या नावापुढे ‘कंपनीचे डायरेक्टर’ असे लिहिले होते. मी त्यांना म्हणालो की, ही कंपनी नाही, इथे डायरेक्टर कोणी नाही. ते म्हणाले, “सर, बाहेर सगळे कंपनीच म्हणतात की. मग मालक कोण लिहू?” मी म्हणालो, कायद्याने मालक फर्म स्वतःच. त्यांनी टंकन थांबवले. म्हणाले, “सर, अटक फर्मला करता येत नाही. नीट सांगा.” म्हणून नीट सांगतो.

सन २०२१ च्या श्रावणात ऋषिराज हंबीरराव जगदाळे, वय अंदाजे ३८, हा माझ्या घरी आला. तो माझा दहावीचा विद्यार्थी. वडील फौजेतून आलेले, घरची द्राक्षबाग. येताना त्याने पेढे आणि नारळ आणला होता. म्हणाला, “सर, कोल्ड काढतोय. दोन भागीदार लागत्यात कायद्यानं. बायको सरकारी नोकरीत, तिचं नाव चालत न्हाई. तुमचं द्या.”

मी त्याला विचारले, सरळ कंपनी का काढत नाहीस. तो म्हणाला, “कंपनीला लय लफडी, सर. शेअर काढा, डायरेक्टर नेमा, मीटिंगा घ्या, त्याची वह्यापुस्तकं ठेवा, धंदा चिमणीएवढा असला तरी दरवर्षी ऑडिट. एलएलपीला तसलं न्हाई. आपसातला करारनामा असतो, त्यात लिहिलं तसं वागायचं. लहान हाय तवर ऑडिटबी न्हाई.” मी म्हणालो, म्हणजे साधी भागीदारीच की रे. त्यावर तो म्हणाला, “तसंबी न्हाई. साध्या भागीदारीत एकानं घाण केली की दुसऱ्याच्या दाराला जप्तीची नोटीस. हितं फर्म येगळी, आपण येगळं, कंपनीगत. बुडली तर आपण घातलंय तेवढंच जातंय. आणि आपल्यातला एक मेला तरी फर्म मरत न्हाई.”

हे शेवटचे वाक्य मला फार आवडले, असे आता आठवते. त्या वेळी अंबूबाईला जाऊन दोन वर्षे झाली होती. आपल्यामागे काहीतरी न मरणारे राहील, तेही द्राक्षांच्या वासाचे, असे मनात आले. नाव ‘रानजाई’ मीच सुचवले. आमच्या वडूजच्या माळावर जाईचे एकच झुडूप होते आणि संध्याकाळी त्याचा वास शाळेच्या व्हरांड्यापर्यंत... (हवालदार म्हणाले, “सर, वेळ आणि तारीख सांगा फक्त.”) तारीख २२ ऑगस्ट २०२१, रविवार. पेढे घेतले व होकार दिला. माझा हिस्सा शंभरात एक. तोही ऋषिराजनेच भरला. माझी डिजिटल सही सांगलीच्या हिशोबनिसांकडे असते. ते वर्षाची दोन विवरणपत्रे भरतात. मी ती वाचलेली नाहीत.

कोल्डवर मी वर्षातून दोन वेळा जात असे, १५ ऑगस्ट व २६ जानेवारी. झेंडावंदन माझ्या हस्ते होई. त्यानंतर मी बायकांना एक कविता म्हणून दाखवत असे. त्या तोंडाला फडकी बांधून ओळीने उभ्या असत, त्यामुळे चेहरे ओळखू येत नसत. दारावरच्या पाटीवर दोघा भागीदारांची नावे आहेत, माझे खाली. आत चेंबरमध्ये पाऊल टाकले की माघातल्या पहाटेसारखे वाटे. तापमान किती ते सांगता येणार नाही. यंत्रांची मला माहिती नाही.

दि. १८ रोजी सकाळी मी घरी वाचत बसलो होतो. ११.४० ला ऋषिराजच्या मुनिमाचा फोन आला. मी रिक्षाने १२ च्या सुमारास पोचलो. बायका लिंबाखाली ओले पदर तोंडाला धरून बसल्या होत्या. त्यांच्या तळपायांना बेदाणे चिकटले होते. निवडणीच्या हॉलचे एक शटर धूळ येते म्हणून पाडलेले होते, ते माणसांनी पहारीने उचलले. हरणाबाईला माझ्यासमोर बाहेर आणले. तिच्या तोंडावर फडके होते; तिच्या मुलीला, सोनमला, बायका ‘हरणाची लेक’ म्हणत होत्या, त्यावरून मी ओळखले. सोनम शेजारी उभी होती आणि आईची साडी गुडघ्याखाली ओढून घेत होती.

हरणाबाईचे पती धनाजी कोळेकर यांनी मला तेथे पाहिले. ते म्हणाले, “गुर्जी, तुमाला म्हाईत हुतं का?” मी उत्तर दिले नाही. गर्दी होती.

विचारल्यावरून सांगतो की, गॅस सुटल्यावर आपोआप वाजणारा भोंगा त्या दिवशी वाजला नाही. तो का वाजला नाही याबद्दल मला काही माहिती आहे काय, असे विचारण्यात आले. मी पाणी मागितले. पाणी दिले.

त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता मी सांगलीच्या हिशोबनिसांना फोन केला. फर्ममधून माझे नाव आजच काढा, असे सांगितले. ते म्हणाले, “सर, तीस दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, मग रजिस्ट्रारकडे फॉर्म जातो. आणि आज बाहेर पडलात तरी सकाळी तुम्ही आत होतात, ते पुसत नाही.” त्या वेळी हरणाबाई सरकारी दवाखान्यात होती, शवविच्छेदन व्हायचे होते. फोन मी केला, हे खरे आहे.

दि. १९ रोजी सकाळी ९ वाजता ऋषिराज माझ्या घरी आला. त्याच्यासोबत वकील होते, त्यांचे नाव मला माहीत नाही. ऋषिराज रडत होता. त्याने माझे पाय धरले. मग वकिलांनी एक कागद दिला. त्यात माझ्या नावाने लिहिले होते की, मी केवळ नावाचा भागीदार असून कोल्डच्या कामकाजाची मला कसलीही माहिती नव्हती व कोणीही मला काही सांगितले नव्हते. हे ठाण्यात असेच सांगा, असे ते म्हणाले.

मी वकिलांना विचारले की, असे सांगितले तर काय होते. ते म्हणाले, “काही नाही होत, हाच तर एलएलपीचा फायदा. एका भागीदाराच्या चुकीला दुसरा बांधील नाही. ऋषिराजांकडे कोणी तक्रार केल्याचा पुरावा नाही, तुम्हाला माहीत नव्हते, मग जबाबदारी राहते फर्मची. ती तिच्या मालमत्तेपुरती.” मी विचारले, फर्मची मालमत्ता काय. ऋषिराज म्हणाला, “इमारत भाड्याची. मशिनरी बँकेकडं गहाण. टेबलं-खुर्च्या हायत.”

मी विचारले, आणि माहीत होते असे सांगितले तर. वकील म्हणाले, “मग तुमची चूक ती तुमची. जाणूनबुजून दुर्लक्ष केले तर फर्मच्या आड लपता येत नाही, कंपनी असती तरी आले नसते. तुमचे हे घर, यांची बाग, सगळे उघडे पडते. शिवाय फौजदारी, ती वेगळी.” माझ्या प्रश्नावरून ऋषिराजने ओळखले असावे. तो म्हणाला, “सर, त्या बाईनं कुणाला काय सांगितलं ह्याला आता जिवंत साक्षीदार कोण हाय? तुमी आन् मी. गप बसा, सर. तुमच्या पायाची शपथ, सोनमला मी कामावर ठेवीन.”

तो कागद मी सोबत आणला आहे व हवालदारांकडे दिला आहे. त्यातील मजकूर खोटा आहे.

आता खरे सांगतो. दि. ९/०३/२०२५, रविवार, दुपारी साडेचारच्या सुमारास एक बाई माझ्या दारात आली. म्हणाली, “गुर्जी, वळख हाय का? मी हरणा. सहावी ब.” मला ओळख पटली. तिसरा बाक, खिडकीकडचा. सहावीनंतर घरचे मेंढरांमागे गेले आणि तिची शाळा सुटली. तिच्याइतका कवितेचा गळा मी पुन्हा ऐकला नाही. मी तिला आत बोलावून खुर्ची दिली. ती खाली बसली.

ती म्हणाली, “गुर्जी, तुमी कंपनीचं मालक न्हवं का? पाटीवर नाव हाय.” मी हसलो. म्हणालो, मालक नाही गं, भागीदार, तोही नावाचा. ती म्हणाली, “आवं, कायबी असूंदे. चार-पाच दिस झालं, गॅसचा वास मारतोय. डोळं चुरचुरत्यात, घशात आग हुतीया. भोंगा सारका वाजतोय म्हणून त्येची वायरच काढून टाकलीया. ऋषिदादास्नी म्या दोनदा सांगितलं. ते म्हणत्यात, बेदाण्याला गंधकाची धुरी दिल्याली असती, त्येचाच वास. गुर्जी, आमाला काय गंधकाचा वास कळंना व्हय? तुमी सांगा. तुमचं ऐकत्याल.”

मी म्हणालो, सांगतो.

त्यानंतर मी तिला विचारले की, पाखरांची कविता अजून येते का. ती लाजली. म्हणाली, “गुर्जी, आता काय वय हाय का त्ये?” मी आग्रह केला. ती उठली, हाताची घडी घातली, वर्गात उभी राही तशी उभी राहिली आणि म्हणू लागली. दोन कडवी म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता, चाल तीच होती. माझे डोळे भरून आले. तिसऱ्या कडव्यात तिला खोकला आला. मी म्हणालो, “थांब, एक ओळ गाळलीस.” तिने पदराने तोंड पुसले, माझ्याकडून पाणी घेतले आणि मी सांगितले म्हणून कविता पुन्हा पहिल्यापासून म्हटली. खोकत खोकत पूर्ण केली. मी तिला शाबास म्हणालो.

सव्वापाच वाजता ती निघाली. दारात म्हणाली, “तेवढं सांगा हां, गुर्जी.” मी म्हणालो, सांगतो गं.

ती गेल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढली. तासाभराने सहावीचे जुने पुस्तक सापडले. तिने ओळ गाळली नव्हती. मीच चुकलो होतो. ते तिला कळवावे म्हणून मी कागदावर लिहून ठेवले. ऋषिराजला फोन केला नाही.

दि. १४ रोजी धुळवडीला ऋषिराजचा मला शुभेच्छांचा फोन आला. चार मिनिटे बोलणे झाले. यंदा बेदाण्याला दर बरा आहे, असे तो म्हणाला. मी त्याला जुन्या पुस्तकाबद्दल सांगितले. हरणाबाईचे सांगणे मी काढले नाही. विसरलो, असे म्हणता येईल. पण मला ते आठवत होते. सुखाच्या बोलण्यात ते कुठे आणायचे, असे वाटले. फोन पोलिसांनी तपासावा. तारीख, वेळ मिळेल.

दि. ९ ते दि. १८ हे नऊ दिवस होतात.

हवालदार खोत यांनी मला विचारले की, “सर, कवितेचं एवढं काढू का? केसला लागत नाही. आणि तुमच्यावरच येतंय सगळं. घर जाईल.” त्यांच्या धाकट्या भावाला मी शिकवले आहे. मी त्यांना सांगितले की, ती माझ्याकडे आली तेव्हा मला काय महत्त्वाचे वाटले, ते कोर्टाला कळले पाहिजे. घराबाबत मला माहीत आहे. हरणाबाईने धोका मला सांगितला होता, आणि ऋषिराजला दोनदा सांगितल्याचेही मला सांगितले होते. आम्हा दोघांनाही माहीत होते. धनाजी कोळेकर यांनी लिंबाखाली जे विचारले, त्याचे उत्तर होय असे आहे. ते त्यांना कळवावे. मला स्वतः जाऊन सांगणे झाले नाही.

हा जबाब मी बोललो तसा हवालदार खोत यांनी संगणकावर उतरवला. दुपारी १.२० वाजता त्यांनी तो मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मी डोळे मिटून ऐकला. तो बरोबर आहे. त्यात एकही ओळ कमी नाही.