सड्यावरचं फाटक

— नाय ओ पाव्हणे, घारींचं काय नाय. घार म्हणजे कशी, हा पत्र्याचा डबा बडवला, एक फटाका लावला, की गेली ती भगवती बंदराच्या अंगाला. कोल्हा तर माणसाची चाहूल लागली की शेपूट घालतो. ह्या धावपट्टीला खरा ताप गुरांचा! तुमी मुंबयकर, तुमाला काय सांगू — आमच्याकडं भात कापून झालं की गुरं उनाड सोडतात. राखण्या नाय, दावं नाय, ह्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर चरतील नि घरी येतील तेव्हा येतील. बापजाद्यांपासनं हेच. आता मधी हे छोटं इमान आलं, तारेचं कुंपण आलं, नि कुंपणावर राखण्या कोण? तर ह्याच वाडीचा केरू. म्हणजे मी. बसा हो, इमानाला वेळ हाय.

नोकरी लागली तेव्हा वाडी खूश होती माझ्यावर. मग गेल्या शिमग्याच्या तोंडावर आप्पांचा बैल बसला पट्टीवर — आप्पा म्हणजे आमच्या गावकीचे पुढारी — इमान डोक्यावर नि हा उठतोय कसला! हाकलला, धरला, कोंडवाड्यात घातला. हुकूमच तसा. कोंडवाड्यात पाणी ठेवायचं काम माझं हाय काय? नाय ना? मेला तो बैल तिथं. नि आमी पडलो वाळीत. बोलणं बंद, विहीर बंद. शिमग्यात देवाची पालखी घरोघर थांबते, ती आमच्या दारावरनं सरळ गेली. राही, माझी बायको, ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी, नि पालखी गेली पुढं! तिनं हाय खाल्ली ती तिथनं.

हां, गुरं आत शिरलीत, बघतोय मी. फाटक उघडं हाय. कोणी उघडलं काय विचारता — मीच. आता बोललोच हाय तर ऐका. राही पहाटे गेली. हो, आजच. घरात हाय ती, घोंगडीवर, पोरगी एकटी बसलीय उशाशी. तिरडीला चार खांदे लागतात की नाय? मी नि कोण? दारोदार फिरलो, एकानं कडी काढली नाय. मग आप्पाच आले कुंपणाशी. बोलले, केरू, मेल्या माणसाशी आमचं वैर नाय. पण आज फाटक उघडं ठेव, इमान उतरू देऊ नको; सडा गुरांचा हाय, कळू दे सरकारला. मग तू पुन्हा वाडीचा, सगळी वाडी येते खांद्याला. — काय करणार होतो मी? सांगा ना! तिला काय हातगाडीवर घालून नेऊ?

आलं बघा. घाबरू नका, वरनं त्याला गुरं दिसतात, घिरट्या घालील नि जाईल परत. जीव कोणाचा जात नाय. ते बघा, आमचे ऑफिसर धावले काठी घेऊन! चिपळूणच्या बाजारपेठेतला माणूस, त्याला ही गुरं भीक घालतात होय? मला हाका मारतोय. मारू दे. एक घिरटी झाली... खाली येतोय काय रे हा? अरे, नको — नाय, नाय, उचललं. गेलं. आरे-वारेच्या अंगानं गेलं बघा. सुटलो बाबा!

तुमी का असे उभे? अहो, संध्याकाळची एस.टी. हाय की, सकाळी सोडते मुंबयला. एका दिवसानं काय बिघडतंय? असं कोण वाट बघून ऱ्हायलंय तुमची तिकडं?

कोण? आई?... तार कधी आली?... आजचाच दिवस बोललेत डॉक्टर?

मग आधी नाय बोलायचं! मी इतका वेळ तुमच्यापाशी... नाय, तुमचं काय चुकलं. माझंच मेल्याचं... असं बघू नका हो माझ्याकडं. नाय सोसत. जा तुमी, एस.टी. तरी गाठा. माझ्या दारात माणसं येऊन थांबली असतील. जा.