एका मताची पट्टी

नाही हो काकू, त्या दोघींनी मुद्दाम नाही केलं ते — थांबा, हे मी बोलायचंच नव्हतं. सरांनी बजावलंय, बाहेर बाकावर गप्प बस, ठकूच्या आई येतील, त्यांच्याशी काही बोलू नकोस. आणि मी बोलतेय. एरवी माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, कुणालाही विचारा. बसा ना, मी सरकते. सर फोनवर आहेत, वेळ लागेल त्यांना.

मी नववीत आहे. संगणकाचे सर सातवीला ऑनलाइन क्विझ तयार करायला शिकवतात ना, त्यातला शनिवारचा तास मी घेते. का म्हणजे — माझी क्विझ चांगली होते म्हणून. दुसरं काय येतं मला? आता तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचं काय, एक प्रश्न, चार पर्याय, झालं. मुलांनाही तसंच वाटतं. पहिल्या दिवशी काय आणलं त्यांनी — झाडाला अन्न तयार करायला काय लागतं? सूर्यप्रकाश, चप्पल, हत्ती, सरांचा चष्मा. वर्ग हसून हसून लोळला. मी म्हटलं, हसलात, पण प्रश्न वाया गेला. चप्पल कोण निवडणार? जो पर्याय कुणीच निवडत नाही, तो मेलेला पर्याय. चुकीचं उत्तर असं हवं, की कुणीतरी खरोखर तशी चूक करतं — फळ्यावर लिहिलं मी हे, खाली दोन रेघा मारल्या. आणि ते बरोबर आहे हो, अजूनही बरोबरच आहे, हाच तर त्रास आहे.

मग सातवीतल्या त्या दोघींनी, ज्यांच्याकडे वर्गाची क्विझ बनवायचं काम होतं, विचारलं, ताई, खऱ्या चुका आणायच्या कुठून? माझ्याकडे होत्या. एका वहीत. — हो, ठकूच्याच. तुम्हाला माहीत नव्हतं? मधल्या सुट्टीत यायची ती माझ्याकडे, जिन्याखाली बसायचो आम्ही. घरी ठकू म्हणतात, तेही तिथेच सांगितलं तिनं. आईला सांगू नकोस, आईला वाटतं मला सगळं जमतं — अहो, रडू नका ना. हे मी सांगणार नव्हते, खरंच नव्हते. वही माझ्याकडे ठेवून जायची तपासायला, आणि प्रत्येक वेळी, ताई, कुणाला दाखवू नकोस हं. दाखवली नाही मी! चुका तेवढ्या कागदावर उतरवून दिल्या त्या दोघींना, नाव न लिहिता. नाव नाही म्हणजे झालं, असं वाटलं मला. पण तिच्या चुका तिच्यासारख्याच असतात हो. झाडं दिवसा श्वास घेत नाहीत, कारण तेव्हा ती कामात असतात — हसलात ना? मलाही फार आवडलं होतं ते. पण हेच ती एकदा सातवीच्या वर्गात उभी राहून बोलली होती, सगळ्यांना पाठ होतं, ते मला कुठे ठाऊक?

क्विझच्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर फक्त पट्ट्या दिसतात, कोणत्या पर्यायाला किती मतं. नावं नसतात. पहिल्या प्रश्नाला एका चुकीच्या पर्यायासमोर इवलीशी पट्टी आली, एका मताची. दुसऱ्यालाही एकच. ती दर वेळी स्वतःचंच उत्तर निवडत होती, काकू. आपलं उत्तर असं नीट छापून आलेलं बघून तिला वाटलं असणार, आपलं बरोबर होतं की! तिसऱ्या प्रश्नाला कुणीतरी ओरडलं, “आली, आली, कामातली झाडं आली!” — आणि पट्टी यायच्या आधीच सगळे मागे वळून तिच्याकडे बघायला लागले. सहाव्या प्रश्नाला तिनं काहीच दाबलं नाही. हात मांडीवर ठेवून बसली.

थांबवायचं बटण माझ्या हाताखाली होतं. बोट होतं त्याच्यावर. का नाही दाबलं? — मला आनंद झाला होता. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ती पट्टी आली ना, की वाटायचं, चला, हाही पर्याय जिवंत निघाला. मागून सर म्हणाले, “शाब्बास!”

नंतर त्यांनी विचारलं, हे पर्याय कुठून आले? त्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं, आणि म्हटलं, त्यांनीच शोधले, सर. एवढंच. मोठ्या आवाजातही नाही. आणि आज चार दिवस ठकू शाळेत नाही, आणि त्या दोघींना शाळेतून काढून टाका म्हणून तुम्ही अर्ज घेऊन आलात — दिसतोय मला, पहिल्याच ओळीत नावं आहेत. त्या घाबरून माझं नाव घेत नाहीयेत हो, मी ताई आहे ना त्यांची. तो आत देऊ नका. पेन आहे तुमच्याकडे? ती दोन नावं खोडा, आणि तिथे लिहा, नववी अ, पहिल्या बाकावरची — आले, सर! नाही सर, काही नाही, काकू फक्त विचारत होत्या, पाण्याचा नळ कुठे —