झाकण उघडून बघायची खोड

तुमचं ते फोनमदलं चालू झालं का ताई? मंग आमी बोललेलं कुठं साठतं, आतच? आन् उद्या परत ऐकाया येतं? बरं बरं, सांगते, पर आधी माजं इचारून संपू द्या, मला इचारल्याबिगर राहवत न्हाय, ही खोड जल्मापास्नची हाय.

माहेर माजं भूमपास्नं दोन कोसावर, डोंगराच्या कडंला. बाप दुसऱ्याच्या म्हशी राखायचा, आई रोजानं जायची, आमी चार बहिणी, त्यातली मी तिसरी, इंदू. एकदा आईनं खुडूक कोंबडी अंड्यावर बसवली पाटीखाली, आन् मला सांगितलं, इंदे, पाटी उचलायची न्हाय. झालं, ती घराबाहेर पडली की मी पाटी उचलायची, कोंबडीला सरकवायची, एकएक अंडं कानाला लावून बघायची, आत काय वाजतंय का. रोज. आठव्या-नवव्या दिशी कोंबडी अंड्यावर बसायचीच बंद झाली आन् अंडी सगळी नासली. आईनं पाठीत चार रट्टे घातले, म्हणली, पिल्लू यायचं तवा यील की, बघितल्यानं लवकर येतंय व्हय? म्या रडत रडत म्हणलं, पर आत काय चाललंय ते कळाया नगो का? आणिक दोन रट्टे बसले. भात शिजाया टाकला की मी झाकण उघडायची, लोणचं घातलं की चौथ्याच दिशी बरणीत हात. आई म्हणायची, हिला सासरी कोण नांदवंल.

नांदवलं, चांगलं नांदवलं. सतरावं लागलं तवा लगीन झालं, आन् नवरा मिळाला तो असा, की जल्मात कुणाला काय इचारलं न्हाय. भांडखोर न्हाय, मुका न्हाय, पर प्रश्न म्हणून न्हाय तोंडात. मी हळदीच्या अंगानं इचारायली, आवो, तुमच्यात पाणी कुठनं भरत्यात, म्हशी किती हायत, तुमाला गोड आवडतं का तिखट, आन् मालक आपले व्हय, न्हाय, हाय. पंचवीस-तीस वर्सं झाली, तसंच चाललंय. मी दिसाला शंभर इचारायचं आन् त्येनी दोनाचं उत्तर द्यायचं.

सासऱ्याची खव्याची भट्टी व्हती, एक कढई. सासरे थकले तशी ती माज्या हातात आली, कारण खव्याला बसायला जो जीव लागतो तो मालकाकडं हाय पर त्येंना खवा कवा झाला ते कळत न्हाय, आन् मला वासावर कळतं. ते दूध आणायचे, लाकडं फोडायचे, कढई धुवायचे, मी उलथणं धरायची. सकाळी दूध आलं की कढईत वतायचं, खाली जाळ, आन् हात सुरू. भूमचा खवा कुठं कुठं जातो तुमाला ठाव असंल. त्यातला थोडा माज्या हातचा असतो, हे मला लई भारी वाटतं बगा. दुसरं काय हाय माज्याकडं सांगायला.

तर त्याच धुरानं म्हणा, कशानं म्हणा, पस्तिशीच्या पुढं मला दम लागाया लागला. आधी खोकला, मंग छातीत शिट्टी. मला पहिल्यांदा त्या शिट्टीची लई मज्जा वाटली, खोटं न्हाय सांगत, मी मालकाला म्हणलं, आवो कान लावा हितं, मांजर बोलायल्यावानी येतंय का न्हाय? त्येनी कान लावला, म्हणले, व्हय, आन् दुसऱ्या दिशी न सांगता मला मोटरसायकलवर बसवून धाराशिवला नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई हायत, पोरसवदा, गळ्यात ते ऐकायचं. त्येनी सांगितलं दमा हाय, आन् दोन पंप दिले. एक निळा, तो दम कोंडला की ऐन टायमाला वढायचा. आन् एक लालसर, तो सकाळ संध्याकाळ रोज वढायचा, वढून चूळ भरायची, बरं वाटलं तरी सोडायचा न्हाय. म्या इचारलं, बरं वाटल्यावर कशाला? बाई म्हणल्या, आतली सूज दिसत न्हाय, ती दबून ऱ्हावी म्हणून.

दिसत न्हाय, म्हणल्या. ताई, मला कुणी दिसत न्हाय म्हणलं की काय व्हतं, तुमाला आता कळलं असंल.

म्हैनाभर वढला. शिट्टी गेली, दम गेला, चढ चढून देवळात गेले. मंग माज्या मनात किडा वळवळाया लागला, की हे जे बरं हाय ते माजं हाय का पंपाचं हाय? दमा गेला असंल आन् मी उगंच वढत असंल तर? हे कळायचं कसं? बंद करून बघावं. केला बंद. आठ दिस काय न्हाय, दहा दिस काय न्हाय, बाराव्या दिशी शिट्टी आली. म्या म्हणलं, अस्सं, हाय अजून, आन् परत चालू केला. डॉक्टरीणबाई रागावल्या. पर मला वाटायचं मी काय आळस न्हाय केला, इसरले न्हाय, मी तर बघितलं. परत दोन म्हैन्यानं बघितलं. एकदा उन्हाळ्यात तर दीड म्हैना काय सुदिक झालं न्हाय, म्या गावभर सांगितलं दमा गेला, आन् पहिल्या ढगाबरोबर आला माघारी. असं चार-पाच येळा.

आन् मालक बगा. त्येंना रक्तदाबाची गोळी हाय. सकाळचा च्या झाला की गोळी, एक दिस चुकत न्हाय. नाव ठाव न्हाय, पांढरी म्हणत्यात. म्या इचारलं, आवो, ही गोळी आत जाऊन करती काय, तुमाला वाटत न्हाय का एक दिस न घेऊन बघावं? म्हणले, न्हाय वाटत. म्या म्हणलं, का? म्हणले, घ्या म्हणलंय. संपलं! ह्या माणसाच्या डोक्यात रिकामी जागा किती असंल आन् तिथं किती गार वाटत असंल, असं मला वाटायचं. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी दोन माणसं, आन् औषध घ्यायची तऱ्हा बगा किती निराळी. ह्याचं मला आजबी नवल वाटतं.

पोरगा आमचा पुण्यात असतो कंपनीत. तो दर खेपेला म्हणायचा, आई, भट्टी बंद कर, धूर सोड, हिकडं चल. मी म्हणायची, तुज्या तिसऱ्या मजल्यावर मी काय हलवत बसू? हसून घालवायची. पर मनात भ्या व्हतं, की एक दिस हा खरंच बंद करील.

त्या वर्सी दिवाळीच्या आधी लई काम व्हतं. आन् मी तवा परत बघायली व्हते, वीस दिस झाले व्हते पंप सोडून. कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारची येळ, लाकडं जरा वली, धूर खाली बसायला लागला, आन् एकाएकी छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं. निळा पंप वढला, परत वढला, आत जाईचना. काय सांगू तुमाला, हवा सगळी हितंच हाय, डोळ्यापुढं, आन् मला घेता येईना. उलथणं हातातनं गळालं एवढं आठवतंय. त्याच्या म्होरचं मला ठाव न्हाय. म्हंजे कळलं ते दुसऱ्याकडनं, की मालकानं मला उचलून दुधाच्या टेम्पोत घातलं, आन् कढई जाळावर तशीच ऱ्हायली.

दुसऱ्या दिशी मी दवाखान्यात जरा बोलाया लागले. आन् बोलाया लागले की सुरू, आवो, ह्या नळीतनं काय येतंय, ह्या बाटलीत बुडबुडे का येत्यात, कढईतल्या खव्याचं काय झालं? म्हणले, करपला. आमच्या भट्टीत खवा करपल्यालं मी कधी ऐकलं नव्हतं. मंग मी आपली कौतुकानं सांगायली, की ह्या खेपेला म्या वीस दिस काढले की, पहिल्या खेपेला बाराव्याच दिशी आलं व्हतं. मालकानं माजी चादर नीट केली. मंग माज्याकडं न बघता म्हणले, तू बंद करून बघितलंस. मला काय बघाया लागलं, ते इचारलंस का?

ताई, त्या माणसानं मला इचारलेला पहिला सवाल हाय तो. शंभर गोष्टी इचारणारी मी, हे मला सुचलंच नव्हतं. मला लई लाज वाटली. मी भिंतीकडं तोंड केलं आन् रडले.

पोरगा आलाच व्हता. डॉक्टरीणबाईपुढं त्यानं सांगून टाकलं, भट्टी बंद. मला वाटलं बाई त्याचीच री वढत्याल. पर त्येनी मलाच इचारलं, मावशी, तुमाला काय करायचंय? आजवर मला सगळ्यांनी काय करायचं न्हाय तेच सांगितलेलं. म्या म्हणलं, मला कढईपुढं बसायचंय, हात चालतोय तवर. बाई खुर्ची वढून बसल्या, म्हणल्या, खवा करत्यात कसा, मला ठावच न्हाय. मी खुलले. म्हणलं, दूध वतलं की हात सुरू, आन् पार गोळा होईस्तवर थांबवायचा न्हाय. पहिला घंटाभर वरनं काय सुदिक दिसत न्हाय, दूध ते दूधच, तरी हलवायचं. बाई म्हणल्या, काय होत नसंल तर जरा हात थांबवून का बघत न्हाय? मी हसलेच. म्हणलं, असं कसं, वरनं दिसत नसलं तरी खाली बुडाला लागतं की. आन् एवढं म्हणले आन् माजा हात आपसूक छातीवर गेला. बाई गालात हसल्या. पोरगा फोनात बघत व्हता, त्याला काय कळलं न्हाय.

मंग बाईनं ही नळी दिली, थांबा दाखवते, ही. हिच्यात जोरानं फुकायचं, हा काटा म्होरं पळतो, तो जिथं थांबंल तो आकडा. आत किती वाट मोकळी हाय ते हिच्यात दिसतं. मला म्हणल्या, औषध थांबवून बघू नका, हिच्यातनं बघा. रोज बघा. ताई, ही जर मला पहिल्या दिशीच मिळाली असती! मला काय गोळ्या-औषधाचा राग नव्हता, मला आतलं बघायचं व्हतं. आता सकाळी फुकते, आकडा बघते, मालक कॅलेंडरवर लिहित्यात, मंग लाल पंप वढते. एखाद्या दिशी आकडा खाली आला की मी इचारात पडते, काल काय झालं, धूळ झाली, का शेजारणीनं फोडणी करपवली? मला आता नादच लागलाय. पोरानं कबूल केलंय, जोवर दवाखान्यात पडत न्हाय तोवर भट्टी ऱ्हाईल. पडले की इकायची. लाकडं बंद केली, आता जाळ गॅसचा हाय. दोन दिवाळ्या गेल्या, पडले न्हाय. तिसरी आता यील.

आन् मी काय आता गप बसते व्हय? कुणाच्या हातात पंप दिसला की इचारते, कसा घेता, कवा सोडता, का सोडता. खालच्या आळीला एक नवी नवरी हाय, ती सासूपुढं वढत न्हाय, माहेरानं आजारी पोर दिली म्हणत्याल म्हणून. तिला ना आतलं बघायचंय, ना बंद करून बघायचंय, तिला नुसतं लोकांनी बघू न्हाय असं वाटतं. तिला माजी नळी देऊन काय उपेग? म्या तिला इचारलं, तुला काय करायचंय? म्हणली, मावशी, मला भावाच्या वरातीत नाचायचंय. मंग म्हणलं, सकाळ संध्याकाळ दूध घालायला हिकडं येतीस न्हवं, तवा हितंच वढत जा, तुजा पंप माज्या फळीवर ऱ्हाऊ दे. येती रोज. लगीन चैतात हाय.

हे बगा, उन्हं गेली, माजी पंपाची येळ झाली. थांबा, चूळ भरून येते.

हं. तर एक ऱ्हायलं. त्या दिशी मालकानं काय बघितलं, ते म्या मागनं लई डाव इचारलं. च्या देताना इचारलं, शेतात इचारलं, गोडीनं इचारलं, भांडून इचारलं. एकदा सांगायला तोंड उघडलं, मंग म्हणले, ऱ्हाऊ दे. तवापास्नं न्हाय इचारत. तुमाला सांगते, जल्मात पहिल्यांदाच मी काय तरी झाकल्यालं ऱ्हाऊ दिलंय.

घ्या, हा खवा घरी न्या, दोन दिस टिकंल, पोराबाळांला द्या, सुखी ऱ्हावा. आन् जाताना भट्टीवरनं जाल तर मालकाला काय इचारू नका. कढई घासत बसले असत्याल. रोज घासत्यात, आन् घासून झाली की बुडाला ती एक जागा आणिक घासत्यात. खवा करपला व्हता तिथं. डाग तर कवाच निघालाय.