शनिवारी अडखळणारी जीप

हसू नका लेकहो, पन आमच्या जुन्या पेट्रोल जीपचं दुखनं फक्त शनिवारीच निघे. मेडशीहून भाजी भरून निघालो का इंजिन फट्-फट् करत अडखळे. बाजारात पोचेपर्यंत पालक माना टाके. मंगळवारी मिस्त्रीकडे नेली का गाडी एकदम सुतासारखी!

मिस्त्री वैतागला. "प्लग बदलले, कारब्युरेटर साफ केला. आता काय तुलेच खोलू? शनिवारीच आन तिले!"

शनिवारी बाबाले घेऊन गेलो. मिस्त्रीनं बोनट उघडलं अन् पाह्यतच राह्यला. प्लगच्या तडकलेल्या वायरीवर ताजं लिंबू-मिरची बांधलेलं! ओल्या लिंबातून करंट बॉडीत उतरून राह्यला होता. दोन-तीन दिवसांत लिंबू वाळून गळून पडे, अन् गाडी बरी होये.

"हे कोनं बांधलं?"

"म्या," बाबा म्हने. "गाडीले रंग दिला तवापासून नजर लागून राह्यली. दर शनिवारी नवं बांधतो. बाहेर बांधलं तर बकऱ्या खातात."

मिस्त्रीनं लिंबू काढलं, चावी फिरवून सेल्फ मारला. इंजिन एका दमात सुरू, अडखळनं बंद! म्या बाबाकडे पाह्यलं. म्हटलं, आता तरी पटन.

बाबा ठसक्यात म्हने, "पाह्यलं? सारी नजर ओढून घेतली लिंबानं!"